पाठ केलेले शब्द

वर्धा नदीच्या काठी, अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यात, कौंडण्यपूर हे गाव आहे. विदर्भराज भीष्मकाची राजधानी जे कुंडिनपूर ते हेच, अशी आपली परंपरा सांगते. रुक्मिणीचे हे माहेर. म्हणून कार्तिकात येथे यात्रा भरते आणि आषाढीच्या आधी येथून रुक्मिणीमातेची पालखी पंढरपुरास जाते. गेल्या कार्तिकात यात्रा आटोपल्यावर आम्ही तेथील एका आप्तांच्या घरी दोन दिवस राहिलो होतो. पऱ्हाटीची वेचणी चालू होती. माजघरात कापसाचा ढीग लागला होता. ओसरीच्या कोपऱ्यात घरची नात कागदाच्या लहान लहान तुकड्यांची चवड घेऊन बसली होती. तुकड्याच्या एका बाजूस इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूस त्याचा अर्थ. ती एकेक तुकडा उचली, डोळे मिटी, पुटपुटे आणि खाली ठेवी. देवळातून नामजप ऐकू येत होता आणि ओसरीवर हा जप चालला होता : “टॅसिटर्न, मितभाषी, रेटिसन्ट, मितभाषी, लॅकॉनिक, मितभाषी.”

बाजेवर बसलेले तिचे आजोबा काही वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, “तिनाचा मतलब एकच हाय, त तीन कायले पाठ करतं वं? एकात भागत नाही का?”

ती म्हणाली, “आबाजी, परीक्षेत तिन्ही येतात.”

म्हातारा हसला. “आपल्यात एक मोजकं बोलते, एक अबोल असते, एक घुमा असते, अन् एक आतल्या गाठीचा असते. चारी बोलत नाहीत. पण पोरगी द्याची त चौघायले सारखी देशीन का?”

मुलीने हातातला तुकडा खाली ठेवला. आम्हीही विचारात पडलो; आणि त्या विचाराचेच फळ म्हणजे हा लेख. जो शब्द आपल्याला आजवर कधी लागला नाही, पुढे लागेल की नाही ठाऊक नाही, तो केवळ एका परीक्षेचे दार उघडावे म्हणून तोंडपाठ करणे, ही ज्ञानाची साधना म्हणावी की ज्ञानाची बतावणी? आणि बतावणी असेल, तर तिचा दोष कोणाच्या पदरी घालावा?

प्रथम त्या परीक्षेविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. अमेरिकेतील विद्यापीठांत पदव्युत्तर शिक्षणासाठी जाऊ इच्छिणाऱ्यांस जी ‘ग्रॅज्युएट रेकॉर्ड एक्झामिनेशन’, म्हणजे जीआरई, द्यावी लागे, आणि अनेक ठिकाणी आजही द्यावी लागते, तिचा उगम १९३६ साली कार्नेगी प्रतिष्ठानाच्या आश्रयाने पूर्व अमेरिकेतील काही नामांकित विद्यापीठांनी केलेल्या एका प्रयोगात आहे. पुढे १९४७ साली स्थापन झालेल्या ‘एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस’ या संस्थेकडे ती आली. या परीक्षेच्या भाषाविषयक भागात पूर्वी विरुद्धार्थी शब्द आणि शब्दांच्या जोड्या विचारीत. अशा प्रश्नांस तुटक शब्दांचे पाठांतर पुष्कळसे पुरे पडे, आणि त्यामुळेच साडेतीन-साडेतीन हजार शब्दांच्या याद्या आपल्याकडील विद्यार्थ्यांच्या उशाशी येऊन बसल्या. २०११ साली हे दोन्ही प्रकार काढून टाकण्यात आले. २०२३ च्या सप्टेंबरपासून परीक्षाही आखूड झाली असून भाषेच्या भागात आता ४१ मिनिटांत २७ प्रश्न सोडवावयाचे असतात. त्यांतील एका प्रकारात वाक्यात एक जागा रिकामी ठेवून सहा शब्द पुढे करतात आणि त्यांतून असे दोन शब्द निवडावयास सांगतात की, ज्यांनी वाक्याचा अर्थ पूर्ण व्हावा व दोन्ही वाक्ये एकाच अर्थाची व्हावीत. एक बरोबर आला व एक चुकला तर गुण शून्य. येणेप्रमाणे परीक्षा बदलली. याद्या मात्र अद्यापि उशाशीच आहेत.

या याद्या पाहून आमच्यासारख्या वयस्क मंडळींच्या तोंडून पहिला उद्गार निघतो तो ‘पोपटपंची’ हा. परंतु तो उच्चारण्यापूर्वी आपण आपल्याच घरातील कोनाड्याकडे पाहावे हे बरे. अमरसिंहाचा ‘नामलिंगानुशासन’ हा ग्रंथ, ज्याला आपण अमरकोश म्हणतो, तो तरी काय आहे? तीन कांडे, सुमारे दीड हजार श्लोक, आणि त्यांत स्वर्गापासून शेतातील नांगरापर्यंत साऱ्या पदार्थांची नावे एकापुढे एक मांडलेली. सात-आठ वर्षांचा मुलगा अर्थ कळो न कळो, तो पाठ करी. त्याला त्यातील शेकडा नव्वद शब्द व्यवहारात कधी लागणार नव्हते. तेव्हा यादी पाठ करणे हा पाश्चात्त्यांकडून आलेला रोग आहे, असे म्हणण्याची सोय आपणास नाही. शतकानुशतके आपण तेच करीत आलो, आणि त्या पाठांतराच्या बळावर संस्कृत विद्येची परंपरा टिकली, हेही नाकारता येत नाही.

मग भेद कोठे आहे? आमच्या मते तो यादीत नसून यादीच्या पुढे आहे. अमरकोश पाठ करणारा मुलगा तेथे थांबत नसे. पाठोपाठ रघुवंशाचा सर्ग हाती येई. गुरुजी एकेका श्लोकाचा अन्वय लावीत. कोशात एका ओळीत शेजारी शेजारी बसलेल्या दहा नावांपैकी कवीने हेच का उचलले, या प्रश्नाशी त्याची गाठ पडे. कोश हे बियाणे होते. पेरणीची जागा ठरलेली होती आणि ऋतूही ठरलेला होता. आजचा विद्यार्थी बियाणे साठवितो, परीक्षेच्या दिवशी मोजून देतो, आणि संध्याकाळी कोठार रिकामे होते. पेरणी होतच नाही. दोष बियाण्याचा नव्हे.

आता म्हाताऱ्याच्या त्या प्रश्नाकडे वळू. मोजके बोलणारा, अबोल, घुमा आणि आतल्या गाठीचा, हे चार शब्द केवळ एका गुणाची चार नावे नव्हत. पहिल्यात स्तुती आहे. दुसऱ्यात केवळ वर्णन आहे. तिसऱ्यात नापसंती आहे. चौथ्यात सावधगिरीची सूचना आहे. हे शब्द वापरणारा मनुष्य दुसऱ्या मनुष्याविषयी निवाडा देत असतो. घुमा म्हणावयाचे त्याला अबोल म्हटले तर निवाडा ढिला पडतो. अबोल म्हणावयाचे त्याला आतल्या गाठीचा म्हटले तर एका निरपराध्यावर आळ येतो. इंग्रजीतही हीच स्थिती आहे. लॅकॉनिक हा शब्द ग्रीस देशातील लॅकोनिया प्रांतावरून, म्हणजे स्पार्टाच्या लोकांच्या मोजक्या बोलण्यावरून आला. त्यात थोड्या शब्दांत नेमके बोलण्याचे कौशल्य आहे. टॅसिटर्न मनुष्य स्वभावतःच बोलत नाही. रेटिसन्ट मनुष्य बोलेलही, पण मनातले बाहेर काढणार नाही. तिघांपुढे ‘मितभाषी’ एवढा एकच अर्थ लिहिणाऱ्या यादीने मुलीला तीन शब्द दिले खरे, पण तीन निवाड्यांऐवजी एकही निवाडा दिला नाही.

शब्द शिकणे ही केवळ बुद्धीची गोष्ट नाही, तिला नीतीचे अंग आहे, असे आम्ही म्हणतो ते एवढ्यासाठी. साठेबाजीत सत्यासत्याचा प्रश्न येत नाही; निवाड्यात येतो. जो शब्द आपण माणसावर लावणार, त्याची धार कोठे आहे हे न जाणता तो हाती बाळगणे म्हणजे परक्याचा विळा अंधारात चालविण्यासारखे आहे. परीक्षेत चूक झाली तर एक गुण जातो. जगात चूक झाली तर एका मनुष्याची अब्रू जाते.

येथे कोणी विचारील की, इतके कठीण शब्द मुळात हवेतच कशाला? त्याचे उत्तर इंग्रजीच्या इतिहासात आहे. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले तेव्हापासून राजदरबारात व न्यायालयात फ्रेंच, पाठशाळेत व देवळात लॅटिन, आणि शेतात व चुलीपाशी जुनी इंग्रजी, अशी वाटणी कित्येक पिढ्या चालली. तिचे ठसे आजच्या कोशातही आहेत : घरगुती शब्द आखूड आणि जुने, पंडिती शब्द लांब आणि लॅटिन वा ग्रीक घराण्याचे. परीक्षेच्या याद्यांत भरणा असतो तो बव्हंशी या दुसऱ्या प्रकारच्या शब्दांचा. मराठी वाचकास हे नवल वाटू नये. आपल्याकडेही ‘विहीर’ शेतात असते आणि ‘कूप’ पुराणात; ‘बायको’ घरात असते आणि ‘पत्नी’ लग्नपत्रिकेत. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश तयार करविला तो दरबारी फारसी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द बसविण्याकरिता. शब्दांची प्रतिष्ठा सत्तेच्या मागोमाग फिरते, हे त्या काळीही जाणत होते.

जेथे प्रतिष्ठा आली तेथे मोह आला. कठीण शब्द दोन कामे करू शकतो. तो एखादा बारीक भेद दाखवू शकतो, की जो सोप्या शब्दाने दाखविता येत नाही. आणि तो ‘मी तुमच्यातला नव्हे’ एवढेच सांगू शकतो. पहिले काम ज्ञानाचे, दुसरे अहंकाराचे. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून बोलणाऱ्याने स्वतःच ओळखावयाचे असते. याबाबतीत आम्ही निर्दोष आहो असे नाही. विद्यार्थिदशेत सुटीला घरी गेलो असता, पंक्तीत आमच्या एका वडीलधाऱ्या आप्तांनी सहज विचारले, “सध्या काय शिकता?” साध्या मराठीत दोन वाक्यांत सांगता आले असते. परंतु आम्ही नुकत्याच पाठ केलेल्या पाच-सहा जड इंग्रजी शब्दांचे एक वाक्य त्यांच्या पुढे टाकले. ते त्यांना समजणार नाही हे आम्हांस ठाऊक होते. नव्हे, म्हणूनच टाकले. “बरं आहे,” एवढे म्हणून ते जेवू लागले. त्यानंतर त्यांनी आमच्या शिक्षणाविषयी कधीही विचारले नाही. आज ते हयात नाहीत. त्या वाक्यातील एक शब्द तर आम्ही चुकीच्या अर्थाने वापरला होता, हे पुढे पाच वर्षांनी कळले. परंतु त्या चुकीची आम्हांस लाज वाटत नाही. लाज वाटते ती दुसऱ्या गोष्टीची.

शिकलेली मुले व न शिकलेले आईबाप यांच्यामध्ये जी भिंत उभी राहते तिच्या पुष्कळशा विटा अशाच शब्दांच्या असतात. आणि म्हणून परभाषेचे शब्द शिकणाऱ्याने ‘किती शिकलो’ याइतकेच ‘कोणाशी बोलणे तुटले’ हेही कधी कधी मोजून पाहावे, असे आम्हांस वाटते.

या संदर्भात विदर्भाचाच एक वारसा आठवतो. संस्कृत साहित्यशास्त्रात रचनेची जी सर्वांत नितळ पद्धत मानली गेली तिला याच प्रदेशाचे नाव आहे : वैदर्भी. दंडीने काव्यादर्शात प्रसाद, माधुर्य, सुकुमारता, अर्थव्यक्ती आदी दहा गुण सांगून ते वैदर्भ मार्गाचे प्राण होत असे म्हटले. वामनाने रीती हाच काव्याचा आत्मा ठरवून वैदर्भीला सर्व गुणांची स्वामिनी केले. आणि कालिदासाला तिचा आदर्श मानण्यात रसिकांचे एकमत आहे. लांब समासांचा भार तिला सोसत नाही. अर्थ ऐकताक्षणी कळावा हे तिचे ब्रीद. परंतु येथे एक गोष्ट विसरता कामा नये. वैदर्भी म्हणजे शब्ददारिद्र्य नव्हे. कालिदासाला जड शब्द येत नव्हते म्हणून त्याने हलके वापरले, असे कोणी म्हणणार नाही. ज्याच्या कोठारात पुष्कळ आहे त्याने त्यातून थोडे व नेमके काढावे, ही ती रीती होय. तेव्हा शब्द शिकूच नयेत, असा उपदेश आम्ही या परंपरेच्या नावाने करणार नाही. शिकावे पुष्कळ, वापरावे गरजेपुरते.

आता एक आक्षेप असा येईल, आणि तो आम्ही स्वतःच घेतो, कारण तो खरा आहे. हा सारा उपदेश घरबसल्या करणे सोपे आहे. ज्याच्या घरी पुस्तकांचे कपाट आहे, ज्याच्या कानावर लहानपणापासून इंग्रजी पडले, त्याला यादीची गरज लागत नाही; शब्द त्याला वाचनातून, बोलण्यातून, न मागता मिळतात. कापूसवेचणीच्या घरातील मुलीला ते मिळावे कोठून? तिच्यासाठी ती यादी हीच शिडी आहे. आणि शिडी फुकटची नाही. या परीक्षेचे शुल्क वीस हजार रुपयांहून अधिक आहे. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाची हमी किंमत क्विंटलला ७५२१ रुपये होती. म्हणजे जवळजवळ तीन क्विंटल कापूस एका सकाळच्या परीक्षेसाठी तोलून द्यावयाचा. असे असता, ‘शब्द आधी अनुभवा, मग बोला’ असे तिला सांगणारा मनुष्य तिच्या पायाखालची शिडी काढून घेत नाही काय?

आक्षेपाचा पूर्वार्ध आम्हांस संपूर्ण मान्य आहे. बतावणीचा दोष असेलच तर तो त्या मुलीच्या पदरी घालता येणार नाही. ज्याने दार अशा कुलपाचे केले त्याने किल्ली पाठ करणाऱ्यास हसू नये. पुढे पुढे दाराच्या धन्यांनाही शंका येऊ लागली असावी. २०२० नंतर अमेरिकेतील पुष्कळ विद्यापीठांनी कित्येक विषयांपुरती या परीक्षेची सक्ती काढून टाकली. परंतु आक्षेपाचा उत्तरार्ध आम्हांस मान्य नाही. कारण त्यात असे गृहीत धरले आहे की, अनुभव हा कपाटवाल्यांकडे आहे आणि ओसरीवर नाही. त्या संध्याकाळी आम्ही जे पाहिले ते याच्या नेमके उलट होते.

ही मुलगी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची पदवीधर. तिला पुढे शिकावयाचे आहे ते पाण्याचे व जमिनीचे शास्त्र. आणि त्याचे कारण तिच्या आजोळी आहे. आजोळ दर्यापूर तालुक्यात, पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात. अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतून पसरलेल्या या पट्ट्यात भूगर्भातील पाणी खारट. विहीर खणावी तर पाणी लागते पण तहान भागत नाही, आणि तेच पाणी शेतास दिले तर काळी जमीन बिघडते. सुटीत आजोळी गेले की पहिल्या दिवशी पाण्याची चव जिभेवर बसत नसे, असे ती सांगत होती. सांगता सांगता तिने चवडीतून पुढचा तुकडा उचलला. त्यावर शब्द होता ‘ब्रॅकिश’. मागे अर्थ होता : किंचित खारट, गोडेही नव्हे व समुद्राइतके खारेही नव्हे, असे पाणी. “म्हणजे मचूळ!” ती एकदम म्हणाली. “मामाच्या विहिरीचं पाणी.” आणि तो तुकडा तिने चवडीत परत न ठेवता बाजूला काढला. तो तिला पुन्हा पाठ करावा लागणार नव्हता.

आमच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस तेथे मिळाले असे वाटते. ‘ब्रॅकिश’ हा शब्द तिने त्या क्षणी शिकला नाही. तो वीस वर्षांपूर्वीच तिच्या जिभेवर होता, फक्त त्याचे इंग्रजी नाव तिला त्या क्षणी कळले. परक्या शब्दाने तिच्या घरच्या शब्दाची भेट घेतली, आणि भेट होताच परकेपण संपले. याच न्यायाने टॅसिटर्न, रेटिसन्ट व लॅकॉनिक हे तिघेही तिच्या गावात राहत होते. तिला त्यांची घरे दाखविली ती आजोबांनी. ज्या मनुष्याला इंग्रजीचे एक अक्षर येत नाही, तो त्या दिवशी इंग्रजीचा उत्तम शिक्षक ठरला, कारण भेद त्याला ठाऊक होता. शेतकऱ्याच्या बोलीत दरिद्रता आहे हा सुशिक्षितांचा भ्रम आहे. डवरणी वेगळी, वखरणी वेगळी. वेचणीला प्रारंभ करताना सीतादही, आणि शेत वेचून संपले की उलंगवाडी. जेथे कामात भेद आहे तेथे शब्दात भेद आहे. त्याची यादी कोणी पाठ केली नाही.

तेव्हा पाठ केलेला शब्द आम्ही उसन्या पैशासारखा मानतो. उसने घेणे पाप नाही. अडीअडचणीला सारेच घेतात. उसने घेतलेले आपलेच आहे असे भासविणे, हे पाप. आणि उसने फेडण्याचा मार्ग एकच : त्या शब्दाला आपल्या जगण्यातील एखादी वस्तू, एखादा मनुष्य, एखादा प्रसंग दाखवावा, आपल्या भाषेतील त्याचा जवळचा आप्त शोधावा, आणि दोघे कोठे मिळतात व कोठे दूर होतात ते पाहावे. जो शब्द अशी ओळख देत नाही तो परीक्षेपुरता बाळगावा, पण माणसांवर चालवू नये. एवढे पथ्य पाळले तर यादी पाठ करणारा मनुष्य खोटा ठरत नाही. उलट, अशा रीतीने एक परका शब्द आपला करताना आपल्या चार विसरलेल्या शब्दांची आठवण होते, हा लाभ निराळाच.

शब्दांची ही देवघेव एकमार्गी असते असेही नाही. जेम्स मोल्सवर्थ नावाचा इंग्रज या देशात आला तेव्हा त्याने आपल्याला इंग्रजी शिकविण्याच्या आधी आपले शब्द गोळा केले. त्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, १८५७ साली त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती निघाली. शास्त्रीपंडितांना विचारून, गावोगावचे शब्द टिपून तो कोश उभा राहिला, आणि आज आपणच आपले जुने शब्द त्यात शोधतो. उलट दिशेने अमरावती जिल्ह्यातील पापळचा एक शेतकऱ्याचा मुलगा १९२० च्या सुमारास विलायतेस गेला, वैदिक वाङ्मयातील धर्म या विषयावर ऑक्सफर्डची डॉक्टरेट घेऊन परतला, आणि १९३२ साली त्याने श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली. पंजाबराव देशमुखांनी विलायतेत मिळविलेले शब्द वऱ्हाडातील शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा होऊन उतरले. ऋण फेडणे म्हणतात ते याला.

आणि ज्यांनी हे ऋण कधी काढलेच नाही, तेही याच मातीत होऊन गेले. शेंडगावात १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी शाळा पाहिली नव्हती. हाती खराटा घेऊन ते गाव झाडीत आणि रात्री कीर्तनात अडाणी श्रोत्यांना प्रश्न विचारीत. साऱ्या उपदेशाला त्यांना वऱ्हाडी बोलीचे शब्द पुरले. १९८३ साली अमरावतीस विद्यापीठ स्थापन झाले, आणि आज त्या विद्यापीठास याच निरक्षर साधूचे नाव आहे. तेथून पदवी घेणाऱ्या प्रत्येकाच्या कागदावर ते नाव छापलेले असते. यावरून शिक्षण व्यर्थ, असा अर्थ काढणे हा बाबांवरच अन्याय होईल. पोटाला चिमटा घ्या पण मुलांना शाळेत घाला, असे ते गावोगाव सांगत. अर्थ एवढाच की, शब्दांचे मोल त्यांच्या लांबीवर नसून ते कशासाठी खर्च झाले यावर ठरते.

परीक्षेखेरीज या मुलीला आणखी एक काम करावयाचे होते. अमेरिकेतील विद्यापीठे उमेदवाराकडून एक पत्र मागतात : आपणास हेच शिक्षण का हवे, ते आपल्या शब्दांत लिहा. तिने लिहिलेला पहिला खर्डा तिने आम्हांस दाखविला. यादीतील यच्चयावत् जड शब्द त्यात येऊन बसले होते. भाड्याने आणलेल्या शेरवानीसारखा तो मजकूर कोठे सैल, कोठे घट्ट होता. खारपाणपट्ट्याचे नाव त्यात नव्हते. मामाची विहीर नव्हती. आम्ही काही बोललो नाही. फक्त तिला एवढेच विचारले की, या गावाची जी मुलगी साऱ्या देशाला ठाऊक आहे, ती कशामुळे?

पत्रामुळे. भागवताच्या दशम स्कंधात रुक्मिणीचे ते पत्र सात श्लोकांचे आहे. शिशुपालाशी विवाह ठरलेला, भाऊ विरुद्ध, वेळ दोन-तीन दिवसांचा. आणि जन्मात न भेटलेल्या पुरुषाला, एका ब्राह्मणाच्या हाती, तिने आपल्या मनातील गोष्ट कळविली. काय हवे, का हवे, केव्हा यावे आणि कोठे भेटावे, हे सारे त्या सात श्लोकांत आहे. ज्याला लिहिले त्याच्या मनावर आपल्या पांडित्याची छाप पाडावी, असा त्यात कोठे प्रयत्न नाही. गरजच तेवढी खरी होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा मुलगी ओसरीवर त्याच चवडीशी बसली होती. परीक्षा जवळ आली होती व यादी पुष्कळ उरली होती. पाठांतर सोडून भागणार नव्हते, आणि ते सोडावे असे आम्हीही म्हटले नाही. परंतु तीन तुकड्यांच्या कोपऱ्यात पेन्सिलीने गावातील तीन माणसांची नावे लिहिलेली आम्हांस दिसली. ‘लॅकॉनिक’ या शब्दाखाली लिहिले होते : आबाजी. पत्राचा नवा खर्डा शेजारी पडला होता. त्याचे पहिलेच वाक्य मामाच्या विहिरीवर होते, आणि त्यात यादीतला एकच शब्द होता.